बोरच्या काठचं चराईचं रान
(सेलू येथील बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत सगळे शेतीच्या पट्ट्याबद्दलच बोलले. पण आपली ढोरं कुठं चरतात, त्याचा दावा किती गावांनी टाकला? विचारलं तं दोनच हात वर आले. म्हणून आज बोर नदीच्या काठच्या रानाबद्दल बोलतो.

माझी आजी सांगे, सकाळी आखरावर गावाची ढोरं जमत, गायकी त्यांना नदी धरून वर डोंगराकडे नेई. आपल्या वर्धा जिल्ह्याची गवळाऊ जात, पांढरी, चपळ, अशाच रानावर वाढली. हे रान बेवारस नव्हतं. इंग्रजांच्या काळात ते मालगुजाराच्या नावावर, आणि गावाचा निस्तार, म्हणजे चराई, सरपण, कुंपणाचे काटे, वाजिब-उल-अर्जात लिहिलेला. मालगुजार काही देव नव्हता, बेगार घेत होता, तेही विसरू नका.

१९५१ साली मालगुजारी गेली. रान गावाला नाही, सरकारला मिळालं. त्यातलं बरंचसं 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलं गेलं. झुडपी म्हणजे खुरटी झुडपं, ढोरं चारायची जागा. १९७० मध्ये बोर अभयारण्य झालं. १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कागदावर जंगल अशी नोंद आहे ते जंगलच. उभं झाड एक नसलं तरी.

याचा अर्थ आमच्या घरी असा झाला. बापाचे दोन बैल कोंडवाड्यात गेले. बाप म्हणाला, साहेब, माझा आजाही इथंच चारत होता. कारकून म्हणे, कागद दाखव. तो कागद त्यांच्याच कपाटात होता, हे आम्हाले फार वर्षांनी समजलं.

२००६ च्या वनहक्क कायद्यात निस्तार आणि चराई हे दोन्ही सामूहिक हक्क लिहिले आहेत. अभयारण्यातही ते लागू आहेत. पट्ट्याच्या अर्जात हे येत नाही, दावा वेगळा, ग्रामसभेच्या नावाने टाकावा लागतो. पुरावा एकापेक्षा जास्त पाहिजे. निस्तार पत्रक चालते, म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. तो आधी घ्या. आमची आजी आता नाही, तिचा जबाब राहून गेला.

सोमवारी आम्ही तिघं निस्तार पत्रकाच्या नकलेसाठी तहसीलात अर्ज देणार आहोत. ज्यांना आपलं गाव त्यात टाकायचं, त्यांनी गावाचं नाव आणि प.ह.नं. आज उठायच्या आधी लिहून द्या.