पाठवणीपर्यंत टिकणारा मेकअप

बसमध्ये असाल, स्वयंपाकघरात असाल, किंवा आरशासमोर बसून हे ऐकत असाल तर उत्तमच. कारण गेले काही दिवस एकच प्रश्न सारखा येतोय : "ताई, सकाळी केलेला मेकअप रात्रीपर्यंत टिकवायचा कसा?"

सांगते. पण आधी माझी फजिती ऐका.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मेकअपचा कोर्स नुकताच झालेला आणि मावसबहिणीचं लग्न आलं. मे महिना, कुडाळ, दारात मांडव. कोकणातला मे म्हणजे नुसतं बसून राहिलं तरी ओठांवर घाम. मावशी हळूच माझ्या कानाशी आली, "जरा उजळ कर गं तिला. फोटो जन्मभर राहतात."

मीही नवशिकी. तिच्या रंगापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन घेतलं, चांगला जाड थर दिला, वर पावडर. घाम दिसला की पुन्हा पावडर. मंगलाष्टकांपर्यंत सगळं छान. मग होम पेटला. धूर, धग, डोळ्यांतून पाणी. सप्तपदीपर्यंत तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना भेगा पडल्या होत्या. मुंडावळ्या घासून कपाळावर पट्टा उमटला होता. गळा सावळा आणि चेहरा राखाडी! पाठवणीला मी मिठी मारायला गेले तर ती मागे सरली. म्हणाली, "ताई, गालाला गाल नको लावूस. आणखी निघेल."

स्वतःच्या पाठवणीला तिला धड रडताही आलं नाही, आणि ते माझ्यामुळे. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

तर मुळात मेकअप बिघडतो कशाने? तीन गोष्टी. त्वचेतून येणारं तेल, घाम आणि घासणं. तेल फाउंडेशनला आतून सैल करतं. घाम त्याला वाहवतो. आणि रुमाल, ओढणी, मोबाइल, मास्क हे सगळं त्याला पुसून काढतं. थर जितका जाड, तितका तो हलतो आणि फुटतो. म्हणजे टिकवायचं असेल तर जास्त लावायचं नाही, कमी लावायचं. हे उलटं वाटतं ना? पण तसंच आहे.

आता क्रमाने जाऊ.

पहिलं, चेहरा धुऊन हलकं मॉइश्चरायझर. तेलकट त्वचा असेल तरी लावा, फक्त जेलसारखं, हलकं घ्या. मग सनस्क्रीन. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर लांबच्या लांब रेघ ओढाल इतकं, चेहरा आणि मानेसाठी. "माझ्या फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे" असं म्हणू नका. तेवढं जाड फाउंडेशन आपण लावतच नाही. आणि आता थांबा. पाच-दहा मिनिटं. केस विंचरा, चहा प्या. घाईत ओल्या थरावर दुसरा थर गेला की सगळं सरकतं.

दुसरं, प्रायमर. सगळ्या चेहऱ्याला लागतोच असं नाही. नाक, कपाळ, हनुवटी, जिथे तेल सुटतं तिथे पुरे. कधी कधी फाउंडेशन लावताना चेहऱ्यावर बारीक बारीक गोळ्या सुटतात, पाहिलंय? बऱ्याचदा खालचं आणि वरचं प्रॉडक्ट एकमेकांशी जमत नसतं. एक सिलिकॉनचं, दुसरं पाण्याचं, असं काहीतरी. सोपी परीक्षा सांगते. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन्ही एकावर एक लावा, वाळू द्या, बोट फिरवा. गोळ्या आल्या तर ती जोडी चेहऱ्यावर नको.

तिसरं, फाउंडेशन. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घ्या आणि दाबत दाबत लावा, घासू नका. आधी एक पातळ थर. मग जिथे डाग दिसतोय तेवढ्याच जागी आणखी थोडं. ब्लश आधी क्रीमचा, त्यावर किंचित पावडरचा. एकाच रंगाचे असे दोन पातळ थर एकट्या पावडर ब्लशपेक्षा जास्त वेळ टिकतात. लूज पावडर फक्त तेलकट भागावर, पफने दाबून. डोळ्यांखाली अगदी नावाला, नाहीतर तिथल्या रेषा उठून दिसतात.

चौथं, सेटिंग स्प्रे. हातभर अंतरावरून मारायचा आणि आपोआप वाळू द्यायचा. त्यात चेहऱ्यावर पातळ पापुद्रा धरणारे घटक असतात, म्हणून तो काम करतो. गुलाबजल ताजंतवानं वाटायला छान, पण ते मेकअप धरून ठेवत नाही.

काजळ पसरतं ना? खालच्या पापणीलगत बारीक ब्रशने थोडी पावडर किंवा त्याच रंगाची आयशॅडो दाबा. लिपस्टिक लावा, टिशूने टिपा, पुन्हा लावा. झालं.

आणि दुपारी घाम आला तर? इथेच सगळे चुकतात, मीही चुकले होते. ओल्या चेहऱ्यावर थेट पावडर मारायची नाही, तिचे चट्टे पडतात. आधी टिशू ठेवून नुसता दाबायचा. पुसायचं नाही, टिपायचं. चेहरा कोरडा झाला की मगच चिमूटभर पावडर. पर्समध्ये टिशू, छोटी पावडर आणि लिपस्टिक एवढं असलं तरी दिवस निघतो.

ज्यांचं लग्न ठरलंय त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. शेड हळदीच्या आधीच ठरवा. हळदीनंतर एक-दोन दिवस त्वचेवर पिवळी झाक राहते आणि अंदाज चुकतो. जबड्यापासून मानेपर्यंत रेघ ओढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण काही फाउंडेशनं हवेत थोडी गडद होतात, आणि मग दिवसाच्या उजेडात बघा. जी रेघ दिसेनाशी झाली, ती तुमची शेड. मुंडावळ्या टेकतात तिथे कपाळावर थर सगळ्यात पातळ ठेवा.

आणि आता खरा मुद्दा. मावशीचं ते "जरा उजळ कर". बघा, दिवसभरात कुठलाही मेकअप थोडा जाणारच. तुमच्याच रंगाचा असेल तर गेलेला कुणाला कळत नाही, कारण खाली तोच रंग आहे. उजळ असेल तर जिथे जिथे गेला तिथे तिथे चुगली करतो. आज कुणी मला उजळ करायला सांगितलं तर मी तेवढंच सांगते : टिकणार नाही. आणि मनात म्हणते, तिचा रंग ही काही झाकायची गोष्ट नव्हेच.

लहानपणी आजोळी जत्रेत दशावतार बघायचो. ते कलाकार आपला मेकअप आपणच करतात आणि पहाटेपर्यंत लढतात, नाचतात, रडतात. चेहरा हलला पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मला ते समजायला एक लग्न बिघडवावं लागलं.

जाता जाता. टिकाऊ मेकअप उतरवायलाही वेळ द्या. आधी क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम, मग फेसवॉश. कितीही दमलात तरी तसंच झोपू नका. स्पंज नियमित धुवा. मस्कारा उघडल्यापासून तीन-चार महिन्यांत बदला आणि कुणाशी शेअर करू नका. चेहऱ्याची आग झाली, पुरळ आलं, तर दिवसभर टिकवण्याचा हट्ट नको. लगेच धुऊन टाका, आणि कमी झालं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

गेल्या वर्षी त्याच मावशीच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. पुन्हा मे, पुन्हा तोच मांडव, आणि मेकअपला पुन्हा मीच. या वेळी तिचीच शेड, दोन पातळ थर, आणि माझ्या कमरेला टिशूचं पाकीट. मावशीने सकाळी निरखून बघितलं आणि विचारलं, "केलायस ना गं मेकअप नक्की?"

पाठवणीला दोघी बहिणी गालाला गाल लावून पोटभर रडल्या. मोठीने नंतर आपला गाल पुसून बोट मला दाखवलं. बोटावर नुसतं पाणी होतं.

चला, आज इथेच थांबू. तुमच्या फजितीच्या गोष्टी मला व्हॉइस मेसेजमध्ये नक्की पाठवा, आणि जिचं लग्न जवळ आलंय तिला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत टिपत राहा, पुसू नका!