माळेत ओवलेलं आजारपण

सुई टोचली की काळा मणी, केमोथेरपीला पांढरा, रक्त चढवलं की लाल, रुग्णालयात रात्र काढली की पिवळा. अमेरिकेत नर्स जीन बॅरिबो यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या आजारी मुलांसाठीच्या ‘बीड्स ऑफ करेज’ उपक्रमाची ही रीत. काही मणी काचकलावंत स्वतः घडवून दान करतात. नुसता खेळ नव्हे हा. शब्द न सापडणारं मूल माळ पुढं करतं आणि पाहुण्यांना, शिक्षकांना आपण काय सोसलं ते दाखवतं. फाइलला हे कुठलं जमायला!

आपल्याकडं मुलांना असंच सोसायला लावणारे थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे आजार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आले आहेत. घरात असं मूल असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात जरूर करा.