रणगाड्याचा धूर काय सांगतो?

(सुरत येथे मराठी बांधवांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शाळामास्तर. कारखान्यात कधी काम केलेले नाही. पण घरच्या कुळागरातला डिझेल पंप वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. एका उन्हाळ्यात तो काळा धूर ओकू लागला. आम्ही नोझल बदलला. पैसे गेले, धूर तसाच राहिला. शेवटी शेजारच्या एका पागी मुलाने हवेची गाळणी काढून दाखविली. ती धुळीने गच्च भरली होती! ती झाडताच पंप पूर्ववत चालू लागला.

आता तापीच्या मुखाकडे चला. तिथे हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोचा चिलखती वाहनांचा कारखाना आहे. १९ जानेवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. 'वज्र' या स्वयंचलित तोफा तिथे तयार झाल्या. २०१७ च्या करारातील शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराच्या हवाली झाली. ६ जुलै २०२४ रोजी तिथेच 'जोरावर' हा २५ टनांचा हलका रणगाडा दाखविण्यात आला.

एवढ्या बलाढ्य यंत्राचे दुखणे मात्र आपल्या पंपाचे आणि होडीच्या इंजिनाचेच असते. धूर काळा असेल तर तेल जास्त आणि हवा कमी. निळसर असेल तर वंगण जळते आहे. रिंगा झिजल्या असतील. पांढरा असेल तर तेल न जळताच बाहेर पडते आहे, नाहीतर आत पाणी शिरले आहे. थंडीत इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर आला तर घाबरू नये; तापल्यावरही तो थांबला नाही, तर मात्र इंजिन उघडावे.

राजस्थानच्या वाळूत रणगाड्याची गाळणी तुंबते. लडाखमध्ये हवाच विरळ. डिसेंबर २०२४ मध्ये जोरावरची गोळाफेक चाचणी ४२०० मीटरहून अधिक उंचीवर झाली. तिथे समुद्रकाठच्या मानाने हवा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. म्हणून बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोराने चाक फिरवून हवा आत दाबावी लागते. त्या चाकात बिघाड झाला की धूर काळा होतो, जोर घटतो. आणि रणांगणावर धुराचा लोट म्हणजे शत्रूला दिलेली हाक! आत बसलेल्या जवानांचे प्राण त्यावर अवलंबून असतात. काही रणगाडे मात्र तापलेल्या धुराड्यात डिझेल सोडून मुद्दाम पांढऱ्या धुराचा पडदा उभा करतात. तो दोष नव्हे, युक्ती आहे.

दुसरे दुखणे परावलंबनाचे. जोरावरसाठी आधी जर्मन इंजिन ठरले होते. त्यांच्या परवानगीला विलंब झाला, तेव्हा अमेरिकन कमिन्स इंजिन बसवावे लागले. अर्जुन रणगाड्याचे इंजिनही जर्मनच. १५०० अश्वशक्तीच्या देशी इंजिनाची पहिली चाचणी २० मार्च २०२४ रोजी म्हैसूरला झाली, ही त्यातली आशेची गोष्ट. ज्याचे इंजिन त्याच्याच हाती लगाम, हे भाड्याने पंप आणणाऱ्या शेतकऱ्याला मी काय सांगावे?

तेव्हा उद्या पहाटे होडी लोटण्यापूर्वी, पंप चालू करण्यापूर्वी, धुराचा रंग क्षणभर पाहा. भर समुद्रात इंजिन बंद पडले तर तिथे दुकान नाही. इंजिन बोलत नाही, पण धुरातून सांगत असते. ऐकणारा हवा.

इतके सांगून आपली रजा घेतो.