आधी मोजा, मग बदला

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



ज्या शाळेच्या शेवटच्या बाकावर मी बसत असे, त्या शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची वेळ येईल असे मला कधी वाटले नव्हते. मी काही वक्ता नाही. मोटारींच्या वायरिंगची कामे करणारा मी एक मिस्त्री आहे. म्हणून आज आपणांपुढे मी माझ्याच धंद्यातली एक गोष्ट सांगणार आहे. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे, आणि तिचा संबंध या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विज्ञानाशी आहे.

काही वर्षांपूर्वी आमचे विज्ञानाचे निवृत्त सर आपली मोटार घेऊन माझ्याकडे आले. आजकालच्या मोटारीत स्टिअरिंगच्या चाकावरच बटणे असतात, हे आपण पाहिलेच असेल. रेडिओचा आवाज वाढवणे, गाणे बदलणे, फोन घेणे ही कामे रस्त्यावरची नजर न हलवता करता यावीत, हा त्यांचा हेतू. सरांची तक्रार अशी, की आवाज वाढवायला जावे तर गाणेच बदलते. मी बटणे दाबून पाहिली, मान डोलावली आणि बटणांचा संचच खराब झाला आहे असे सांगून टाकले. नवा संच मागवून बसवला. बटणे नीट चालू लागली. पैसे घेतले.

पंधरा दिवसांनी सर पुन्हा आले. या वेळी तक्रार गाण्याची नव्हती. घाटातल्या वळणावर समोरून ट्रक आला आणि हॉर्न वाजला नाही. सरांनी गाडी डाव्या अंगाला घेतली म्हणून निभावले. शिवाय समोरच्या फळीवर एअरबॅगचा लाल दिवा लागून राहिला होता. सर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "त्या दिवशी मीटर लावून पाहिला होतास का?" मी खाली मान घातली. कारण मीटर भिंतीवर टांगलेला होता आणि मी त्याला हातही लावला नव्हता.

नेमके काय बिघडले होते, हे समजण्यासाठी चाकाच्या आत काय असते ते पाहू. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन-साडेतीन फेरे फिरते. चाक फिरते, पण खालचा खांब आणि त्यातली वायरिंग जागीच असते. साधी वायर लावली तर ती पिळवटून तुटेल. म्हणून चाकाखाली एक चपटी गोल डबी बसवतात. तिच्यात फितीसारखी पातळ केबल घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेली असते. चाक एका बाजूला फिरले की ती आवळते, दुसऱ्या बाजूला फिरले की सैल होते. गॅरेजमध्ये तिला क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल म्हणतात. बटणे, बहुतेक गाड्यांत हॉर्न, आणि सर्वांत महत्त्वाची चालकाची एअरबॅग, या सर्वांच्या वायरी याच एका डबीतून जातात. हजारो वेळा वळून-वळून ही फीत कधी तरी चिरते. प्रथम एखादी तार अर्धवट तुटते, मग दुसरी. सरांच्या गाडीत हेच घडले होते. मी संच बदलताना चाक हलले, तुटकी टोके तात्पुरती जुळली, आणि माझे निदान बरोबर ठरल्याचा भास झाला.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या पुस्तकाकडे वळू. ओहमचा नियम आपण पाठ करतो, गुण मिळवतो आणि विसरतो. हा नियम मांडणारे गेओर्ग ओहम १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन गावी जन्मले. त्यांचे वडील कुलपे बनवणारे कारागीर होते. त्यांना स्वतःला रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. पण ते आपल्या बळावर शिकले आणि त्यांनी मुलांना घरी गणित शिकवले. ओहम पुढे शाळामास्तर झाले, आणि १८२७ साली त्यांनी विजेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला नियम आज तुमच्या मोटारीच्या चाकात रोज काम करीत आहे. कसा, ते पाहा.

पुष्कळ गाड्यांत या बटणांसाठी प्रत्येकी वेगळी वायर नसते. अनेक बटणे एकाच वायरीवर असतात आणि प्रत्येक बटणामागे वेगवेगळा रोध बसवलेला असतो. समजा, नियंत्रक पेटीतून ५ व्होल्टचा दाब १००० ओहमच्या रोधातून या वायरीवर येतो. एकही बटण दाबलेले नसते तेव्हा पेटीला ५ व्होल्टच दिसतात. आवाज वाढवण्याच्या बटणामागे २५० ओहम आहेत असे धरा. ते दाबले की पेटीला १ व्होल्ट दिसतो. पुढच्या गाण्याच्या बटणामागे ५०० ओहम आहेत. ते दाबले की सुमारे १.६७ व्होल्ट दिसतात. पेटी एवढाच आकडा वाचते आणि कोणते बटण दाबले ते ओळखते. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक गाडीचे आकडे तिच्या पुस्तकात पाहावे लागतात.

आता त्या चिरलेल्या केबलने वाटेत आपला २५० ओहमचा अडथळा घातला तर काय होईल? तुम्ही आवाजाचे बटण दाबले, पण एकूण ५०० ओहम झाले. पेटीला १.६७ व्होल्ट दिसले आणि तिने गाणे बदलले! आणि गाण्याचे बटण दाबले तर ७५० ओहम, म्हणजे सुमारे २.१४ व्होल्ट. हा आकडा कोणत्याच बटणाचा नाही, म्हणून पेटी गप्प बसते. बटण निर्दोष, पेटी निर्दोष, दोष वाटेतला. आपल्या कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तोही हेच करतो. केवळ पिना साफ करून आणि कपलर नीट बसवून बरी झालेली कितीतरी बटणे मी त्यानंतर पाहिली आहेत.

मग तपासावे कोणत्या क्रमाने? पालकहो, हे आपणही लक्षात ठेवावे. गॅरेजमध्ये गाडी देताना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, नीट विचारावे आणि नीट सांगावे. एकच बटण बंद आहे की सगळी? केव्हापासून? त्याआधी चहा सांडला होता का, गाडी आतून धुतली होती का, नवा स्टिरिओ बसवला होता का? एकच बटण बंद असेल तर दोष बहुधा त्या बटणातच असतो. सगळी बंद असतील तर प्रथम फ्यूज पाहावा, आणि मग वाटेकडे संशय वळवावा. नवा स्टिरिओ बसवल्यावर बटणे बंद झाली असतील तर कदाचित काहीच बिघडलेले नसते. त्या स्टिरिओला एकेक बटण दाबून ओळख शिकवायची राहिलेली असते, किंवा त्या गाडीसाठी लागणारा जोड बसवलेला नसतो.

दुसरी गोष्ट, शेजारी पाहावे. हॉर्न वाजतो का? एअरबॅगचा दिवा गाडी सुरू झाल्यावर विझतो का? बटणांबरोबर ही दोन्ही लक्षणे दिसली तर स्पायरल केबलवर पहिला संशय घ्यावा.

तिसरी गोष्ट, मोकळ्या मैदानात गाडी उभी करून एक बटण दाबून धरावे आणि चाक हळूहळू वळवावे. काही कोनांत बटण चालते आणि काही कोनांत बंद पडते असे दिसले, तर फीत तुटली आहे असे जवळजवळ नक्की समजावे.

चौथी गोष्ट मीटरची. बॅटरी सोडवून, बटणांचा कपलर सुटा करून रोध मोजावा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहावा. सरांच्या गाडीत चाक फिरवताच आकडा उड्या मारू लागला. पाच मिनिटांचे काम होते. ते मी पंधरा दिवसांपूर्वी केले असते तर घाटातला प्रसंग टळला असता.

नव्या गाड्यांत याच्या पुढची पायरी आली आहे. तेथे चाकातच एक छोटे सर्किट असते. ते बटणाचा निरोप आकड्यांच्या भाषेत करून एका वायरीवरून पाठवते. या पद्धतीला लिन म्हणतात. मग तो निरोप गाडीतल्या इतर पेट्यांकडे कॅन नावाच्या जाळ्यावरून जातो. हे जाळे जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडले. अशा गाडीत नुसता रोध मोजून भागत नाही. स्कॅनर लावून, बटण दाबल्यावर पेटीला ते कळते की नाही, हे पाहावे लागते. अशा वायरीला जुन्या सवयीने बल्बचा टेस्ट लॅम्प लावणे किंवा टाचणी खुपसून वायर टोचणे म्हणजे नवा बिघाड विकत घेणे होय.

आता मी जरा कडक बोलणार आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली. म्हणजे ज्या चाकावर आपण बटणे दाबतो, त्याच्याच पोटात एक छोटा स्फोटक दारूगोळा बसलेला असतो. अपघातात तो पापणी लवण्याच्या आत पिशवी फुगवून जीव वाचवतो. बेसावध हाताळला तर तोच मिस्त्रीचे तोंड फोडतो. म्हणून चाक उघडण्याआधी बॅटरीची ऋण तार काढावी आणि गाडीच्या पुस्तकात सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मीटर किंवा टेस्ट लॅम्प कदापि लावू नये. काढलेली एअरबॅग झाकण वर करून ठेवावी. नवी स्पायरल केबल बसवताना पुढची चाके सरळ असावीत आणि केबल मध्यावर असावी, नाही तर पहिल्याच पूर्ण वळणाला ती तुटते. ज्याने हे शिकलेले नाही त्याने हे काम करू नये. पालकांनी तर घरी मुळीच करू नये.

आणि एक पाप आमच्या धंद्यात चालते, ते मी लपवणार नाही. केबल महाग पडते म्हणून काही जण एअरबॅगच्या जागी एक छोटा रोध जोडून देतात. पेटी फसते, लाल दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होते. पण त्या दिवशीपासून त्या घराचा कर्ता माणूस एअरबॅग नसलेली गाडी चालवत असतो आणि त्याला ते ठाऊक नसते. ओहमचा नियम प्रामाणिक माणसाच्या हातात दोष शोधतो. अप्रामाणिक माणसाच्या हातात तोच नियम दोष झाकतो. तेव्हा नुसती विद्या पुरेशी नाही, हे मी वेगळे सांगायला नको.

पालकहो, आपल्यातील अनेक घरांत अजूनही असे मानतात, की अभ्यासात हुशार मुलाने शिकावे आणि न जमणाऱ्याने गॅरेजला जावे. ही समजूत आता सोडून द्यावी. आज आय.टी.आय.मध्ये मोटारीचे काम शिकणाऱ्या मुलाला विज्ञान आणि गणित समजावे लागते, आणि गाडीचे पुस्तक वाचण्यापुरते इंग्रजी लागते. आखातात गेलेल्या माझ्या सोबत्यांचा अनुभवही असाच आहे. ज्याला सर्किटचा नकाशा वाचता येतो त्याच्या हाती निदानाचे काम येते; इतरांच्या हाती पाने आणि स्क्रू राहतात. मुलींनीही या कामाकडे पाहावे. मीटर धरायला दांडगे मनगट लागत नाही, शांत डोके लागते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत मीटर हातात येईल तेव्हा तो नुसता गुणांसाठी धरू नका. आपला अंदाज आणि खरी गोष्ट यांत किती अंतर आहे, हे सांगणारे ते साधन आहे. माझा अंदाज आत्मविश्वासाने भरलेला होता, आणि चूक होता.

सरांच्या गाडीला मी नवी केबल बसवली. हॉर्न वाजला, दिवा विझला, बटणे आपापली कामे करू लागली. बटणांच्या संचाचे घेतलेले पैसे मी परत केले. सरांनी ते मोजून घेतले, खिशात ठेवले आणि म्हणाले, "आता केबलचे बिल कर." त्यांनी एक पैसा कमी दिला नाही आणि मीही एक पैसा जास्त घेतला नाही. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजमधला मीटर भिंतीवर टांगलेला नसतो. तो टेबलावर, हाताशी असतो.