पुसायची पाटी

मराठीतला ‘पाटी’ हा शब्द मोठा कष्टाळू आहे. गवंड्याच्या हाताखालची बाई डोक्यावरून माती वाहते ती पाटी, दुकानदार दारावर आपले नाव लावतो ती पाटी, आणि लाकडी चौकटीतल्या ज्या काळ्या दगडावर आपल्यापैकी बहुतेकांनी श्रीगणेशा गिरवला तीही पाटीच. ह्या तिसऱ्या पाटीविषयी मला आज बोलावयाचे आहे. ती आता दसऱ्याच्या पाटीपूजनापुरती उरली, अशी माझी समजूत होती. परंतु ती मला पुन्हा भेटली, आणि तीही दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत.

मी बेंगळुरूच्या कोरमंगला भागात राहतो. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे शहर. पण कोरमंगलात त्या इतिहासाची खूण शोधू गेल्यास सापडावयाची नाही. येथे एका अंगाला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आहे, दुसऱ्या अंगाला खगोलभौतिकीची राष्ट्रीय संस्था, आणि मधल्या गल्ल्यांतून संगणकावर पोट भरणाऱ्या तरुणांची वसती. परीक्षा हा ह्या भागाचा जणू ऋतूच आहे. कोणी ना कोणी, कसली ना कसली परीक्षा देतच असतो.

माझी पुतणी अमेरिकेत वाढलेली. तिला दंतवैद्य व्हावयाचे आहे. तेथील दंतवैद्यक संघाची ‘डेंटल अ‍ॅडमिशन टेस्ट’ नावाची परीक्षा असते. ती देण्यापूर्वीचे सहा आठवडे अभ्यासासाठी ती आमच्याकडे येऊन राहिली. घरात शांतता, जेवण आयते, आणि काका गणिताचा निवृत्त शिक्षक, असा तिचा व्यवहारी हिशेब असावा. तिने सामानातून पुस्तके काढली, आणि त्यांच्याबरोबर गुळगुळीत पांढरे दोन पत्रे व बारीक टोकाच्या दोन लेखण्या. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिने एक पत्रा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, “अगं, ही तर पाटी! एवढी शिकून पुन्हा बिगरीत बसवलं का तुला?”

बिगरीत नव्हे, पण प्रकार तोच. ही परीक्षा संगणकापुढे बसून द्यावयाची असते. एकंदर २८० प्रश्न : शंभर निसर्गविज्ञानाचे, नव्वद आकृतींच्या आकलनाचे, पन्नास उताऱ्यांवरचे, आणि चाळीस गणिताचे. कच्च्या कामासाठी कागद मिळत नाही, स्वतःचा नेता येत नाही. मिळतात ते असे दोन पत्रे आणि लेखण्या. पत्रा भरला की हात वर करावा. पर्यवेक्षक तो घेऊन नवा देतो. उठून जाताना सारे परत करावयाचे. परीक्षार्थीच्या हाताने झालेल्या सगळ्या खटपटीतली एक रेघही त्या दाराबाहेर पडत नाही.

असे का, ह्याचे कारण साधे आहे. ही परीक्षा एका दिवशी सर्वांची होत नाही. वर्षभर निरनिराळ्या दिवशी निरनिराळे विद्यार्थी ती देतात. प्रश्न एका मोठ्या साठ्यातून काढलेले असतात आणि पुन्हा पुन्हा वापरात येतात. एखाद्याने कागदाच्या चिठोऱ्यावर चार प्रश्न उतरवून नेले, तर पुढच्याची परीक्षा ती परीक्षाच राहिली नाही. आपल्याकडे याच्या उलट. दंतवैद्यकाच्या पदवीसाठी द्यावी लागणारी ‘नीट’ ही परीक्षा २०२५ साली देशभर एकाच दिवशी, एकाच वेळी झाली, कागदावर झाली. १८० प्रश्न आणि १८० मिनिटे. तेथे कच्चे काम प्रश्नपुस्तिकेतच करावयाचे, उत्तरपत्रिका तेवढी द्यावयाची आणि पुस्तिका घरी न्यावयाची. त्या रात्री कितीतरी घरांत मायलेकरे ती पुस्तिका उघडून बसतात आणि कोठे वजाबाकी चुकली ते शोधतात. ते शोधणे सुखाचे नसते, हे खरे. पण शोधण्याजोगे काहीतरी हातात असते.

आता ही पुसण्याची कल्पना परदेशाने आपल्याला शिकवली असे कोणी समजू नये. आपल्या गणिताचे जुने नावच ‘पाटीगणित’. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचे ते नाव आहे, आणि भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेली लीलावती ही त्याच परंपरेतली. ह्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव ह्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. १२०७ सालचा तो शिलालेख आजही खानदेशात आहे. फळीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने आकडे मांडावयाचे, म्हणून ह्या कामाला ‘धूलिकर्म’ असेही म्हणत. आपल्या ‘धुळाक्षरां’चे मूळही अशाच पाटीत आहे.

धुळीवर हिशेब करण्याची एक गंमत आहे. गुणाकाराची ‘कपाटसंधि’ नावाची रीत पाहा. गुण्य आणि गुणक दाराच्या दोन फळ्यांसारखे खाली-वर मांडावयाचे, आणि एकेक अंक गुणून होताच जुना अंक पुसून त्याच्या जागी नवा लिहावयाचा. मग गुणक एक घर सरकवावयाचा. शेवटी पाटीवर उरतो तो केवळ गुणाकार. मूळ संख्याही पुसल्या गेलेल्या असतात! जागा थोडी लागते, हात चपळ होतो. पण मध्ये चूक झाली असेल तर ती कोठे झाली हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही.

हे दुखणे फार पूर्वी एकाने ओळखले होते. भारतीय अंकांची ही विद्या अरबांकडे गेली, तेव्हा धूळपाटीही तिच्याबरोबर गेली. दमास्कस येथे अल्-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने इसवी सन ९५२च्या सुमारास अंकगणितावर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात धूळ सोडून शाईने कागदावर हिशेब करण्याच्या रीती दिल्या. त्याच्या कारणांत एक कारण मोठे माणसाळलेले आहे : रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे लोक धूळपाटी वापरतात, तेव्हा ती हातात घेण्याची भल्या माणसाला लाज वाटते! लाजेतून का होईना, पायऱ्या कागदावर टिकू लागल्या.

माझ्या पुतणीची अडचण हीच होती. पहिला आठवडाभर तिची गणिते वेगाने होत, आणि दहांतली तीन चुकत. विचारावे तर, “काका, पुसून टाकलं.” तिच्या सरावाच्या लेखण्या पुसता येणाऱ्या शाईच्या होत्या. ह्या शाईत रंगाबरोबर एक तेलकट द्रव्य असते. त्यामुळे रंग पृष्ठभागाला धरत नाही, वर नुसता बसून राहतो आणि फडक्याने निघतो. तो तळहातानेही निघतो. पुतणी डावखुरी, लिहीत पुढे जाई तसतसा तिचाच हात मागचे पुसत जाई. परीक्षाकेंद्रात मात्र बारीक टोकाच्या, पक्क्या शाईच्या लेखण्या देतात, हे तिने नियम वाचून काढले. ती शाई हाताने निघत नाही. आम्ही तशा लेखण्या आणल्या, आणि ते लेखन पुसावयास स्पिरिटचा बोळा. पुसणे जरा कटकटीचे झाले आणि पुसण्याची घाई आपोआप कमी झाली.

मग आम्ही पत्र्याचे घरे पाडून भाग केले. एका घरात एकच प्रश्न. कोपऱ्यात त्याचा क्रमांक. शंका राहिली तर क्रमांकाभोवती वर्तुळ. मी मुलांना चाळीस वर्षे वहीत समास सोडावयास सांगितला, त्याहून हे काही निराळे नाही.

पण पाटीचा खरा उपयोग मला गणितात दिसला नाही. तो त्या आकृतींच्या नव्वद प्रश्नांत दिसला. लहान लहान ठोकळे एकमेकांना चिकटवून एक रचना केलेली असते. तळ सोडून तिच्या उघड्या बाजूंना रंग दिला, तर दोन बाजू रंगलेले ठोकळे किती? तीन बाजू रंगलेले किती? काही ठोकळे आड लपलेले असतात. ते मनाने पाहावयाचे. एकाच रचनेवर दोन-तीन प्रश्न येतात. शहाणा विद्यार्थी पत्र्यावर शून्यापासून पाचपर्यंत आकडे लिहून प्रत्येक ठोकळ्याची एकेक रेघ योग्य आकड्याखाली ओढतो. एकदा मोजले की त्या रचनेवरचे सगळे प्रश्न सुटतात. दुसऱ्या प्रकारात कागदाची घडी घालून भोक पाडलेले दाखवितात. घडी उलगडल्यावर भोके कोठे दिसतील? तेथे चार ओळी व चार स्तंभांची चौकट काढून भोके उलट्या क्रमाने मांडावी लागतात. आमच्या व्हरांड्यात आजी शेजारी बसून हे पाही. घड्यांचे प्रश्न ती नातीच्या आधी सोडवी. तिने आयुष्यभर कागदाच्या घड्या घालून दिवाळीचे आकाशकंदील कातरले आहेत. तिला चौकट काढावी लागत नसे.

आणि हा भाग दातांच्या परीक्षेत का, तर दंतवैद्याला आरशात उलटे पाहून न दिसणाऱ्या जागी हात चालवावा लागतो. अमेरिकेत ही परीक्षा १९५० साली देशभर सुरू झाली. तेव्हा विद्यार्थ्याच्या हातात खडूचा तुकडा देत आणि दिलेल्या मापाबरहुकूम तो कोरावयास सांगत. १९७२ साली तो खडू गेला आणि त्याच्या जागी हे कागदी प्रश्न आले. कॅनडात खडूऐवजी साबण कोरावयास देत. पुढे तोही गेला. मला ह्याचे वाईट वाटते. दात कोरणाऱ्याने आधी खडू कोरून दाखवावा, ही मागणी अगदी रास्त होती. पण हजारोंचे कोरीव तुकडे सारख्या न्यायाने तपासणे परीक्षकांना जड जात असणार. यंत्राला चारांतला एक पर्याय तपासावयास क्षणही लागत नाही.

पाटीची थोरवी सांगताना लोक रामानुजनचे नाव घेतात. तो पाटीवर गणित करी, कोपराने पुसे, आणि निष्कर्ष तेवढे वहीत उतरवी, कारण कागद महाग होता. त्या वह्या १९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जशाच्या तशा छापल्या. त्यांत सूत्रे आहेत. त्यांच्या वाटा बहुतांशी नाहीत. त्या सिद्ध करता करता पुढच्या गणितज्ञांची दशके खर्ची पडली. लोक ह्या गोष्टीत प्रतिभा पाहतात. शिक्षक म्हणून मला तिच्यात कागदाची किंमतही दिसते. कोपराखाली काय काय गेले असेल, ते आता कोणालाच कळावयाचे नाही.

म्हणून मी पुतणीला एक अट घातली होती : शिकणे कागदावर, सराव पत्र्यावर. सकाळी नवे प्रकरण वहीत. पायऱ्या सगळ्या लिहावयाच्या, खोडलेलेही तसेच ठेवावयाचे. दुपारी घड्याळ लावून पत्रा. संध्याकाळी चुकलेली गणिते पत्र्यावरून वहीत उतरवून मगच बोळा हातात घ्यावयाचा. जुलैत ती परत गेली तेव्हा तशा तीन वह्या भरल्या होत्या. ऑगस्टात परीक्षा झाली. त्या रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, तिचा फोन आला. पेपर बरा गेला म्हणाली. आजीने फोन घेऊन पहिला प्रश्न केला, “ठोकळे किती होते गं? आणि घड्यांचं काय आलं?”

“आजी, ते सांगायला बंदी आहे. तशी सही घेतात आमची.”

“बरं, मग पाटीवर काय काढलंस ते तरी सांग.”

“तेही नाही. आणि पाटी त्यांनी ठेवून घेतली.”

आजीने फोन माझ्या हाती दिला आणि म्हणाली, “आमचे मास्तर निदान पाटी तरी घरी आणू द्यायचे.”