संकटकाळी प्रार्थनेचे सामर्थ्य

(ज्युबिलीच्या त्रिदिनी उपासनेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आनंदाचा विषय सोडून मी दुःखाचा विषय का निवडला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात खचित उद्भवला असेल. परंतु परभणी जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने देवाच्या उपकारांचा हिशेब मांडावयाचे म्हटले, तर दुःखाचे पान वगळून तो मांडताच येत नाही. १९७२ सालच्या दुष्काळात ज्यांनी कामावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन लेकरे जगविली, अशी वडीलधारी माणसे अद्याप आपल्यात आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यात गारपिटीने हातातोंडाशी आलेली पिके झोडपून काढली, ती गोष्ट तर पोराबाळांनाही आठवते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि या सर्वांहून जड असे एक दुःख मराठवाड्यातील किती तरी घरांच्या उंबरठ्याआड बसलेले आहे. कर्जाने व नापिकीने खचलेला घरचा कर्ता पुरुष अबोल होतो, जेवणावरून उठून जातो, आणि एके दिवशी परत येत नाही. हे दुःख वर्तमानपत्रात आकडा होऊन छापले जाते. घरात मात्र त्याला नाव असते.

अशा वेळी आपण ख्रिस्ती लोक म्हणतो, “प्रार्थना करा.” हे म्हणणे खरे आहे, पण ते कोणत्या अर्थाने खरे आहे, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रार्थना केली म्हणजे संकट टळते, अशी पुष्कळांची भोळी समजूत असते. कधी कधी ते टळतेही, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. परंतु एवढ्यावरच आपला विश्वास उभा असेल, तर पहिल्याच कोरड्या मृगात तो करपून जाईल. गेथसेमनी बागेत प्रत्यक्ष देवपुत्राने दुःखाचा प्याला दूर व्हावा म्हणून विनवणी केली, आणि तो प्याला दूर झाला नाही. तेव्हा ज्याची मागणी पुरी झाली नाही त्याचा विश्वास कमी पडला, असे जे कोणी म्हणत असतील, त्यांनी आपण कोणाविषयी बोलत आहो याचे भान ठेवावे. संत लूक सांगतो की, त्या रात्री स्वर्गातून एक दूत प्रभूला बळ देण्यास आला. प्याला तोच राहिला. तो पिण्याचे बळ तेवढे मिळाले.

आणखी एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. क्रूसावर टांगलेल्या, तहानेने व्याकुळ झालेल्या प्रभूच्या मुखातून जी शेवटची वचने निघाली, त्यांतील दोन जुन्या करारातील स्तोत्रांतली आहेत. एक बाविसाव्या स्तोत्रातील, दुसरे एकतिसाव्यातील. म्हणजे त्या भयंकर घटकेला प्रभूने नवी प्रार्थना रचली नाही. यहुदी घरातील मूल जी स्तोत्रे ऐकत वाढते, नासरेथच्या घरात पवित्र मरिया मातेच्या तोंडून जी त्याच्या कानांवर पडली असतील, तीच त्याच्या ओठांवर आली. मला हे फार महत्त्वाचे वाटते. आपल्यातील सुशिक्षित तरुण मंडळी पाठ केलेल्या प्रार्थनेस पोपटपंची म्हणून हसतात. मनाने उत्स्फूर्तपणे केलेली तेवढीच खरी, असे त्यांना वाटते. सुखाच्या दिवसांत ते त्यांना शोभते. पण वेदना कळसास पोहोचते, तेव्हा मनाला काहीएक सुचत नाही. तेव्हा जे पाठ आहे तेच वर येते.

याचा दाखला पाहावयास रोमेपर्यंत जावयास नको. आपल्या मराठी मुलखातील वसई येथे सुमारे १५५७ साली गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इकडची. लहान वयातच ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानात गेले, तेथील भाषा शिकले, लोकांना धर्मशिक्षण देऊ लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. पुढे त्यांनी मकाव येथे व्यापार केला, आणि मनिला येथे संत फ्रान्सिसच्या संघात ते साधे ब्रदर म्हणून राहिले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानात आले. ते धर्मगुरू नव्हते की पंडितही नव्हते. दुसऱ्याचे बोलणे दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे, हेच त्यांचे काम.

तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाच्या हुकुमाने १५९६ च्या अखेरीस ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. १५९७ च्या जानेवारीत क्योतो शहरी बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यात आली, आणि ऐन हिवाळ्यात शेकडो मैलांची वाट तुडवीत त्यांना नागासाकीस नेण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडून ते एकंदर सव्वीस झाले. त्यांत सहा फ्रान्सिसकन व तीन येशूसंघीय. बाकीचे प्रापंचिक, आणि त्यांपैकी तिघे तर बारा ते चौदा वर्षांची मुले. चौदा वर्षांच्या तोमासने वाटेवरून आपल्या आईला पत्र लिहून तिचेच सांत्वन केले. ते पत्र तिला पाठविण्यास सवड मिळाली नाही. बरोबरच मरण पावलेल्या त्याच्या बापाच्या कपड्यांत ते सापडले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका नावाच्या टेकडीवर त्यांना क्रूसांवर बांधून उभे करण्यात आले. त्या वेळी काय घडले, याचे वर्णन त्या काळच्या वृत्तांतांत आहे. पॉल मिकी यांनी क्रूसावरून प्रवचन केले. ते उत्तम वक्ते होते. कोणी स्तोत्रे म्हटली. तेरा वर्षांच्या आंतोनियोने धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेले स्तोत्र म्हटले. आणि आपले गोन्सालो? त्यांनी मोठ्या आवाजात प्रभूची प्रार्थना व ‘नमो मरिया’ म्हटली. बस्स, एवढेच. आयुष्यभर इतरांची वाक्ये एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणाऱ्या या माणसाने अखेरच्या घटकेला आपल्या पाच वर्षांच्या लेकरालाही ठाऊक असलेले शब्द उच्चारले. नंतर भाल्यांनी सर्वांचा अंत झाला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्विसांस संतपद दिले. वसईजवळ गास येथील मंदिर आपल्या या संताच्या नावाने आहे. तिकडे जाण्याचा योग आला तर अवश्य दर्शन घ्यावे.

आता कोणी म्हणेल, त्यांच्या प्रार्थनेने त्यांस वाचविले नाही. मग तिचे सामर्थ्य ते कोणते? या प्रश्नाचे उत्तर त्याच गावात अडीचशेहून अधिक वर्षांनी मिळाले.

१६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर सार्वत्रिक बंदी आली. धर्मगुरूंना हाकलले, सापडतील त्यांना मारले. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, ग्रंथ नाही, देऊळ नाही. नागासाकीजवळील उराकामी व आसपासच्या बेटांवरील कोळी-शेतकऱ्यांनी मग काय जवळ ठेवले? बाप्तिस्मा, सणवारांची मोजणी, आणि तोंडपाठ प्रार्थना. पापनिवेदन ऐकण्यास कोणी उरला नाही, म्हणून मनापासून पश्चात्ताप करण्याची प्रार्थना ते पाठ करीत. लॅटिन व पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर घासून इतके बदलले की, कित्येकांचा अर्थही म्हणणाऱ्यास कळेना. या प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचे हे जपानी रूप. अर्थ गेला तरी त्यांनी शब्द सोडले नाहीत. आई मुलास हळू आवाजात शिकवी. ते मूल म्हातारे होऊन नातवास शिकवी.

पुढे परदेशीयांसाठी नागासाकीत ओउरा येथे एक मंदिर बांधण्यात आले आणि ते त्याच सव्वीस हुतात्म्यांस, म्हणजे आपल्या गोन्सालोंसही, अर्पण केले गेले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे दहापंधरा खेडूत त्या मंदिराच्या दाराशी आले. फ्रेंच धर्मगुरू पेतीजाँ यांच्या जवळ जाऊन त्यांतील एका स्त्रीने कुजबुजत्या आवाजात सांगितले की, आमचे हृदय व तुमचे हृदय एकच आहे. आणि मरिया मातेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. सात पिढ्या त्यांनी धर्मगुरूचे तोंड पाहिले नव्हते. त्यांचे हालही तेथे संपले नाहीत. लगेच पुन्हा छळ झाला. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घरदार सोडवून दूरदूरच्या प्रांतांत डांबले, त्यांत सहाशेंहून अधिक मेले, तेव्हा कोठे १८७३ साली बंदी उठली.

याच उराकामीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला. तेथील सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी आठ हजारांहून अधिक मरण पावले. डॉक्टर ताकाशी नागाई हे क्ष-किरणतज्ज्ञ त्या दिवशी रुग्णालयात होते. घरी परतल्यावर त्यांना राखेत पत्नीची अस्थी मिळाली, आणि तिच्यापाशी वितळलेली जपमाळ. पुढे शोकसभेत त्यांनी या संहाराचा देवाच्या योजनेच्या दृष्टीने अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. तो सर्वांस पटला नाही; मलाही तो संपूर्ण पटतो असे म्हणवत नाही. दुःखाचा अर्थ सांगण्याची घाई करू नये, हे बरे. ती जपमाळ मात्र कोणाच्याही स्पष्टीकरणाची वाट पाहत नाही.

जपान आपणांस फार दूर वाटेल. पण आपल्या मराठी कॅथलिक मंडळीशी त्याचा आणखी एक धागा आहे. १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग १९०७ साली पुण्याचे बिशप झाले. ते जर्मन असल्याने पहिल्या महायुद्धामुळे त्यांना आपल्या मंडळीपासून दूर राहावे लागले. १९२१ पासून त्यांनी जपानात हिरोशिमा येथे सेवा केली, आणि १९२७ साली ते पुण्यास परत आले. त्या युद्धात जर्मन धर्मगुरू गेल्यामुळे अहमदनगर भागातील नव्या ख्रिस्ती खेड्यांत धर्मगुरूंची फार टंचाई झाली. त्या दिवसांत संध्याकाळच्या प्रार्थना मास्तरांनी व घरच्या बायाबापड्यांनी चालविल्या. आपल्या मराठवाड्यात तर कॅथलिक घरे विरळ. औरंगाबाद धर्मप्रांतच मुळी १९७७ साली झाला. दूर वस्तीवरील कुटुंबास धर्मगुरूची वाट पाहणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

तोंडपाठ प्रार्थनेचे मोल आपल्या मातीस नवे नाही. आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईने परक्या घरी दळणकांडण करीत देवास हाक मारली, आणि तिचे शब्द सहाशेहून अधिक वर्षे जात्यावर टिकले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले, तेव्हा ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली असावी. कारण प्रभूचे चरित्र त्यांनी गद्यात न लिहिता ओवीत रचले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ते ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर, म्हणजे राशोल येथे छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदी घातली. त्या काळच्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. पण लोक उपवासकाळात ते गात राहिले, हाताने उतरून घेत राहिले, आणि अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापता आले.

असो. इतिहास पुष्कळ झाला. आता आपल्या घरचे बोलू.

आपल्या घरांतील संध्याकाळची जपमाळ मागे पडत चालली आहे. दूरदर्शन होते तेव्हा त्यास दोष दिला, आता मोबाईलला देतो. दोष कोणाचाही असो, ज्या मुलास आज प्रभूची प्रार्थना पाठ नाही, त्याच्या ओठांवर उद्या अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर काय येईल? करोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, किती तरी रुग्णांना शेवटी ना नातलग भेटले, ना धर्मगुरू. ज्यांच्या जवळ काही पाठ होते, त्यांच्या सोबतीस तेवढे तरी होते.

दुसरी गोष्ट. प्रार्थना ही दुःखितापासून हात झटकण्याची युक्ती होऊ नये. शेजारी कर्जाने बुडाला असेल, तर त्याच्याबरोबर बँकेत जावे, त्याचे कागद वाचून द्यावेत. तो अबोल झाला असेल, झोप उडाली असेल, मरणाच्या गोष्टी करू लागला असेल, तर त्यास एकटे सोडू नये व त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. डॉक्टरही देवानेच दिलेला आहे, आणि मनाच्या आजाराचे औषध घेण्यात विश्वासाची उणीव नाही. आणि ज्या घरातील माणूस असा गेलाच, त्या घराकडे पाठ फिरवू नये; आत्महत्या करणाऱ्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असे पवित्र ख्रिस्तसभा स्पष्ट शिकविते. त्या विधवेस शब्दांनी दुसऱ्यांदा मारण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे सर्व बरोबर होते. तोंड उघडले आणि चुकले. म्हणून बसावयास गेल्यावर, “देवाची इच्छा” किंवा “तुमची परीक्षा चालली आहे” असे काही बोलू नये. थोडा वेळ गप्प बसावे. चहा आला तर घ्यावा. मग घरच्यांची हरकत नसेल तर हलक्या आवाजात प्रभूची प्रार्थना सुरू करावी, घाई न करता. दुःखित माणूस पुष्कळदा मध्येच कोठे तरी सामील होतो. न झाला, तर त्याच्या वाटणीचे शब्द आपण म्हणावेत, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.