गिळलेलं अक्षर

क्रातिनोस नावाचा एक ग्रीक नाटककार इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात होऊन गेला. त्याच्या एका ओळीत एक मूर्ख माणूस मेंढरासारखा ओरडत चालतो. त्या ओरडण्याची अक्षरं आजचा अथेन्सकर वाचतो 'वी वी'. आता मेंढरू काही 'वी वी' करत नाही, ग्रीसचं नाही की आपल्या कंधारचं नाही. अक्षरं तीच राहिली, उच्चार फिरला. तेव्हा ते 'बेऽ बेऽ' होतं.

मराठीचंही असंच झालं. ज्ञानेश्वरीत 'देवु', 'रामु' अशी रूपं भेटतात. त्या शेवटच्या 'उ'चा पुढे 'अ' झाला आणि बोलताना तोही गेला. लिहितो 'देव', म्हणतो 'देव्'. मंगळुरूकडच्या कोकणीत 'देवु' अजून ऐकू येतं. 'घरीं', 'आम्हीं' हे एके काळी नाकातून बोलत. ते बोलणं थांबलं आणि १९६२च्या लेखननियमांनी कागदावरचे अनुस्वारही काढले.

आपल्याकडे जुन्या उच्चाराची साक्ष द्यायला मेंढराच्या जागी अभंग आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. आता 'पंढरपूर' घ्या. अक्षरं पाच. एसटीत कंडक्टरला सांगताना मात्र तीनच ऐकू येतात: पं, ढर्, पूर्. अभंगात पाचही धरलेली असतात. बोलल्यासारखा वाचला की चरण लंगडतो, आणि शिकलेली माणसंच तो जास्त करून तसा वाचतात, हे मला खटकतं.

उलट लातूर-नांदेडकडच्या एखाद्या गावातला सप्ताह ऐका. दिवसभर शेतात 'काय करुलालास' म्हणणारा म्हातारा टाळ घेऊन उभा राहिला की 'नामदेव' चार अक्षरांत म्हणतो: ना, म, दे, व. छंदशास्त्र त्याने वाचलेलं नसतं. अक्षर गिळलं तर टाळ चुकेल, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून तेराव्या शतकाचा उच्चार जसाच्या तसा त्याच्या तोंडी आहे, असं मात्र समजू नका. नाकातले ते स्वर त्यालाही सापडत नाहीत. आणि माहूरला महानुभावांच्या मुखी जे लीळाचरित्र येतं ते तर गद्य. तिथे मोजायला चरणच नाहीत, म्हणजे गिळलेलं अक्षर पकडायची सोय नाही.

तेव्हा पुढच्या कीर्तनात अर्थाकडे जरा उशिराने वळा. मोठा अभंग आला की आधी बोटांवर मोजा: सहा, सहा, सहा, चार. एखादं कमी भरलं, तर बहुधा ते गाणाऱ्याने गिळलेलं असतं.